पिवळी हगवण

वासरांच्या शेडमध्ये हगवण शिरली तेव्हा ग्लेनिसनं पावसाला दोष दिला नाही. ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या डोंगरात ऑगस्टच्या ऐन हिवाळ्यात पाऊस पडायचाच, तो काय तिला विचारून पडत नव्हता. दोष माणसांचा. मुलगा ब्रेट गमबूट न धुता एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जातो, त्याचा. शेन नावाचा धार काढायला ठेवलेला गडी एका वासराला बोटं चोखू देतो आणि तीच बोटं दुसऱ्याच्या तोंडात घालतो, त्याचा. आणि सून टीगन, जिनं शेडच्या दारातून आत अजून पाऊल टाकलेलं नाही, तिचा तर होताच. नेमका कोणता ते ग्लेनिसला सांगता आलं नसतं, पण होता.

सकाळी दूध पाजायच्या आधी ती कप्प्या-कप्प्यातून फिरायची. वासराचं शेपूट उचलायची, खाली बोट फिरवायची आणि ते नाकाशी न्यायची. आधी नाक, मग डोळे, असा तिचा क्रम. पाहुणे आले की हे बघून त्यांची तोंडं वाकडी व्हायची आणि तिला मजा वाटायची. ज्याला शेणाचा वास घेता येत नाही त्यानं दुधाच्या धंद्यात कशाला यावं, असं तिचं म्हणणं. निरोगी वासराला आंबूस गोड वास येतो. आजाऱ्याला कुजका येतो, तो घशात जाऊन बसतो आणि जेवेपर्यंत जात नाही. असा वास आला की ती वासराच्या पाठीवर लाल खडूनं रेघ ओढायची. रेघ ओढली की आधी दूध तोडायचं, मग नळीनं क्षारांचं पाणी, मग बाकी सगळं. दूध तोडल्याशिवाय हगवण थांबत नाही, हा तिचा कायदा होता आणि चाळीसेक हिवाळे तो चालत आला होता.

त्या सकाळी दोन वासरं आडवी सापडली. एक मेलेलं, एक मरायला टेकलेलं. ब्रेटनं मेलेल्याला मागच्या पायाला धरून चिखलातून ओढत नेलं. शेन कठड्याला टेकून ते बघत होता.

"बघतोस काय?" ग्लेनिस म्हणाली. "तुझ्यापेक्षा बादली बरी. निदान ठेवली तिथं पाणी तरी धरते."

शेन तसा मऊ माणूस. पण मऊ माणसाचंही पोट कधीतरी भरतं. त्यानं रबरी एप्रन काढला, फाटकाच्या खुंटीला अडकवला आणि आपल्या गाडीत बसून निघून गेला. ग्लेनिस त्याच्या गाडीच्या धुराकडं बघत राहिली.

"आता संध्याकाळची धार कोण काढणार?" ब्रेटनं विचारलं.

हा प्रश्न खरा होता. धारेच्या शेडमध्ये माणूस खड्ड्यात उभा राहतो, गाई वर दोन्हीकडं ओळीनं, त्यांच्या कासा डोक्याच्या उंचीला. प्रत्येक गाईसाठी हात वर करून मशीनचे कप लावायचे. ग्लेनिसच्या उजव्या खांद्याचं मागच्या उन्हाळ्यात ऑपरेशन झालं होतं. हात छातीच्या वर गेला की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, आणि डॉक्टरनं तर वर न्यायलाच बंदी केली होती. एकट्या ब्रेटला तो कळप आवरणारा नव्हता.

"बायकोला सांग," ग्लेनिस म्हणाली. "तिला हात आहेत ना?"

टीगनला हात होते. बाळंत होऊन मात्र तिला अजून महिनाही झाला नव्हता.

*

ब्रेट आणि टीगनच्या छोट्या घराचं छप्पर जूनमधल्या वाऱ्यानं उचकटलं होतं, म्हणून हिवाळाभर दोघं ग्लेनिसच्याच घरात राहत होती. नवरा क्लाइव्ह गेल्यापासून ग्लेनिसला घरात दुसऱ्याच्या पावलांची सवय राहिली नव्हती. आता बाथरूममध्ये दुसऱ्याचे केस, तारेवर लंगोट, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत दिवसभर अंगावर पाजत बसलेली ही पोरगी. दातांच्या डॉक्टरकडं फोन उचलायच्या नोकरीतून आलेली. ग्लेनिसच्या मते फोन उचलणं हे कामच नव्हे. फोन वाजतो तो उचलायचाच असतो.

टीगन टेबलावर टॉवेल पसरून तान्ह्या लेकीचा, बॉनीचा, लंगोट बदलत होती. ग्लेनिस हात धुवून वळली आणि तिची नजर पडली. लंगोटात पातळ, पिवळंधमक, मधेमधे दाणे असलेलं काहीतरी पसरलं होतं.

"हे काय?"

"शी," टीगन म्हणाली.

"कधीपासून?"

"जन्मापासून. म्हणजे पहिली काळी झाली, मग अशी."

"दिवसातून किती वेळा?"

"पाजलं की होतेच जवळजवळ."

ग्लेनिस दोन पावलं पुढं आली. तिथूनच तिनं बघितलं. जवळ गेली नाही, कारण बघायला आणखी काय होतं? सगळी शेड हेच हगत होती. "ही शी नाही. हगवण आहे. पिवळी हगवण."

"नर्स म्हणाली अशीच असते. अंगावर पिणाऱ्या बाळाची पातळच असते, आणि मोहरीसारखे कण—"

"किती वासरं वाढवलीत तुझ्या नर्सनं?"

"ती बाळं बघते, ग्लेनिस. वासरं नाही."

"एकच गोष्ट आहे. एका टोकानं आत जातं, दुसऱ्या टोकानं बाहेर येतं."

ब्रेट टोस्ट खात होता. तो ताटलीत बघू लागला. दोन बायकांमध्ये बघायची पाळी आली की तो ताटलीतच बघायचा.

"ह्याचंही असंच होतं," ग्लेनिस त्याच्याकडं हनुवटीनं दाखवत म्हणाली. "माझ्या अंगावर होता तेव्हा. पिवळं, पाण्यासारखं, दिवसभर. क्लाइव्हच्या आईनं दारातनं एकदा बघितलं आणि सांगितलं, ग्लेनिस, तुझं दूध नासकंय. काही गाई असतात अशा, काही बायकापण असतात. आठवड्याच्या आत मला आटवलं तिनं. पावडरच्या दुधाचा डबा सुरू केला, आणि हगवण थांबली. आता बघ ह्याच्याकडं."

टीगननं ब्रेटकडं बघितलं. बघण्यासारखं फारसं नव्हतं. तोंडात टोस्ट होता आणि हनुवटीवर जॅम.

"मला माझं दूध नासकं वाटत नाही," टीगन म्हणाली.

"मलापण वाटलं नव्हतं," ग्लेनिस म्हणाली. तिनं हे अगदी सहज सांगितलं, अपेंडिक्स काढल्याचं सांगावं तसं. मग बूट चढवून बाहेर गेली.

*

टीगन धारेला जाऊ लागली. पहाटेची धार ब्रेट एकटाच कशीबशी आवरायचा, संध्याकाळची ती त्याच्याबरोबर. ती वाईट काढत नव्हती हे ग्लेनिसनं खिडकीतून बघितलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. तेवढा वेळ पोर ग्लेनिसकडं. टीगन जायच्या आधी पाजून जायची, परत येताना धावत यायची, आणि तिच्या शर्टावर पुढं दोन ओले डाग पडलेले असायचे. शेडमध्ये गाईंना पान्हा फुटायचा तेव्हा तिलाही फुटायचा. ब्रेट एकदा त्यावर हसला. तिनं त्याच्या अंगावर ओलं फडकं फेकून मारलं.

एका संध्याकाळी बॉनी रडू लागली आणि थांबेना. लंगोट उघडला तर पुन्हा तेच पिवळं. ग्लेनिसच्या डोक्यात तिचा कायदा जागा झाला. दूध तोडायचं. पण आई घरात नसताना दूध तसं तुटलेलंच होतं. उरले क्षार.

वासरांच्या क्षारांचं पुडकं सिंकखालीच असायचं. तिनं पाणी उकळून कोमट केलं, चमच्याच्या टोकावर येईल एवढी पूड घेतली, बाटलीत हलवली आणि जिभेवर थेंब घेऊन बघितला. खारट-गोड. वासरांना आवडतं. पोरीनं बाटलीचं निपल तोंडात घेतलं, एकदा चोखलं आणि असं तोंड केलं की ग्लेनिसला राग आला. पोरगी आईवर गेली होती. तिनं गाल दाबून पुन्हा निपल आत सारलं. पोरीनं जिभेनं ढकलून दिलं.

एवढ्यात टीगन दारात. शेवटची ओळ ब्रेटवर सोडून ती लवकर आली होती. गळ्यापर्यंत शेणाचे शिंतोडे, केसात पाऊस.

"त्यात काय आहे?"

"क्षार. हगवणीवरचे."

टीगननं सिंककडं बघितलं. पुडक्यावर वासराचं चित्र होतं. "वासरांचे?"

"बाळाच्या मापानं घातलेत. मी काय वेडी आहे?"

"प्याली ती?"

"प्यायला पाहिजे ना. थुंकली."

टीगननं पोर उचललं, बाटली काढून घेतली आणि सिंकमध्ये उपडी केली. मग एका हातानं ती बाटली साबणानं घासली, दोनदा खळबळून पालथी घातली. फडकं भिजवून छाती पुसली, आणि ग्लेनिसच्या स्वतःच्या खुर्चीत, त्या घाणेरड्या पँटसकट, बसून पोरीला पाजू लागली. एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर ग्लेनिसकडं उत्तर तयार होतं. न बोलणाऱ्या माणसाचा तिला मनापासून तिटकारा होता.

"खुर्चीला डाग पडतील," ती शेवटी म्हणाली.

"पडू देत," टीगन म्हणाली.

*

सप्टेंबर लागला, गवत वर आलं, शेडमधली हगवण हळूहळू निवळली. आणि बॉनीची शी थांबली.

एकदम थांबली. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशी नाही, मग दिवसामागून दिवस नाही. पोरगी पीत होती, हसायला शिकली होती, लंगोट ओले होऊन जड व्हायचे, मांड्यांवर वळ्या पडल्या होत्या. मधेच तांबडीलाल होऊन कुंथायची, मोठा आवाज काढून वारा सोडायची आणि समाधानानं इकडंतिकडं बघायची. शी नाही ती नाहीच.

ग्लेनिसला हे हगवणीपेक्षा वाईट वाटलं. हगणाऱ्या वासराला वाचवता येतं, न हगणाऱ्याच्या आतड्याला पीळ पडलेला असतो, असं तिनं जेवणाच्या टेबलावर सांगितलं. ब्राऊन शुगरचं पाणी द्या म्हणाली. साबणाची कांडी करून लावा म्हणाली, क्लाइव्हची आई लावायची. टीगन नाही म्हणायची. पण आता तिचं 'नाही' पहिल्यासारखं ठाम येत नव्हतं. रोज लंगोट उघडताना तिचे डोळे आधी तिथंच जायचे.

एका गाईला तपासायला जनावरांचा डॉक्टर आला तेव्हा ग्लेनिसनं त्याला अंगणातच गाठलं. टीगन तारेवर कपडे वाळत घालत होती.

"आमच्या नातीचं गाडं अडलंय," ग्लेनिस म्हणाली, टीगनला नीट ऐकू जाईल अशा आवाजात. "आईच्या दुधावर आहे. आधी धो धो, आता ठणठणाट. तुम्ही काय कराल?"

डॉक्टर खांद्यापर्यंत हातमोजा चढवत होता. तो कानापर्यंत लाल झाला. "मी चार पायांचाच डॉक्टर आहे, ग्लेनिस."

"ती रांगायला लागली की चारच होतील."

डॉक्टर हसला, कारण हसणं भाग होतं. टीगन बादली तिथंच ठेवून आत गेली. कपडे दुपारपर्यंत बादलीत पडून आंबले.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर दुधाच्या पावडरीचा डबा दिसला. ग्लेनिसनं गावातून आणला होता आणि चहाच्या डब्याशेजारी ठेवला होता. काही बोलली नाही. ब्रेटनं चहा घेताना तो डबा हातात घेतला, वाचल्यासारखं केलं आणि म्हणाला, "आई म्हणते त्यात काहीतरी असेलही, टीग. तिनं किती वाढवलीत."

"किती वाढवलीत?" टीगननं विचारलं. "माणसाची?"

ब्रेट विचारात पडला. "एक," तो म्हणाला.

*

नर्स दर पंधरवड्याला गावातल्या फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये यायची. भिंतीवर जुन्या संघांचे फोटो, खाली वजनकाटा. ग्लेनिस मुद्दाम बरोबर गेली. सून अर्धं सांगेल, उरलेलं सांगायला कुणीतरी हवं होतं.

निकोल नावाची ती नर्स टीगनच्याच वयाची होती आणि तिची नखं रंगवलेली होती. ग्लेनिसला तेवढं पुरलं. रंगवलेल्या नखांनी कुणाचं शेपूट उचललं जात नाही.

निकोलनं पोरीला उघडं करून काट्यावर ठेवलं, पोटावर दोन बोटं दाबली, टाळू बघितली. "पिते कशी?"

"सारखी," टीगन म्हणाली.

"लंगोट ओले होतात?"

"भरपूर."

"उलट्या? पोट दगडासारखं होतं? प्यायला नको म्हणते?"

"नाही. फक्त शी नाही. कितीतरी दिवस."

"वजन छान वाढतंय, पोट मऊ आहे," निकोल म्हणाली. "काही बाळांचं ह्या वयात असंच होतं. अंगावरचं दूध सगळं पचतं, टाकायला फारसं उरत नाही. मग आठवडाभर, कधी त्याच्याही पुढं होत नाही. आली की बघ. मऊ आली तर ते बद्धकोष्ठ नाही. खडे आले, रक्त दिसलं, पांढरी आली, पोट फुगलं, ती मलूल झाली, तर मात्र लगेच दवाखान्यात. एरवी पाजत राहा."

"आणि आधी जी हगवण होती ती?" ग्लेनिस म्हणाली.

"पातळ आणि पिवळी? ती हगवण नव्हती, बरोबरच होती."

"वासरू असतं तर—"

"वासरू असतं तर मी तुम्हालाच विचारलं असतं," निकोल म्हणाली. चेष्टेनं नाही, साधंच. पण टीगन हसली. छप्पर उडाल्यापासून ती पहिल्यांदाच अशी मोकळी हसली असेल, आणि ग्लेनिसच्या अंगाचा तिळपापड झाला.

परतीच्या सबंध रस्त्यावर तिनं ते हसू वसूल केलं. नर्सचं काय जातं, म्हणाली. ती दुपारी गाडीत बसून जाईल, पोर आपल्या घरात राहील. आतडं फुटलं तर नखं रंगवून शिवता येतं का? स्वतःच्या हट्टापायी लेकराचा जीव टांगणीला लावणारी आई मी आजवर बघितली नव्हती, म्हणाली. माझं दूध वाईट होतं तर मी सांगितल्याबरोबर सोडलं, कुरकुर केली नाही. तू कोण मोठी लागून गेलीस?

टीगन गाडी चालवत होती. पावसानं रस्ता धूसर झाला होता. घराच्या फाटकाशी आल्यावर तिनं गाडी थांबवली, पण फाटक उघडायला उतरली नाही.

"मला जमत नाही आता," ती म्हणाली. "धार काढून येते तेव्हा अंगात दूधच राहत नाही. चिरा पडल्यात, ती तोंड लावते तेव्हा डोळ्यातनं पाणी येतं. आणि तुम्ही रोज. रोज रोज." तिनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "आजपासून डबा. संध्याकाळची बाटली तुम्ही द्या. मी मोडले. झालं समाधान?"

"समाधानाचा प्रश्न नाही," ग्लेनिस म्हणाली आणि स्वतः उतरून फाटक उघडायला गेली. डाव्या हातानं साखळी काढताना ती गुणगुणत होती.

*

टीगन धारेला गेली. जाताना पोरीकडं बघितलं नाही, पाजलंही नाही.

ग्लेनिसनं किटली ठेवली. डब्याचं झाकण उघडलं, आतला कागद फाडला, मापानं पूड बाटलीत टाकली. उजव्या हाताला जोर नाही म्हणून पोरीला डाव्या हातावर घेतलं होतं, पोट खाली, पाय लोंबते, नवं वासरू काखेत धरतात तसं. पोरगी कुंथू लागली. चेहरा तांबडा झाला, मुठी वळल्या.

"कुंथ," ग्लेनिस म्हणाली. "कुंथून काय येणार आहे तुझ्या—"

आलं. आवाज आधी आला, चिखलातून बूट उपसावा तसा. मग लंगोटाच्या दोन्ही बाजूंनी, पाठीवरून वर, मांडीवरून खाली, ग्लेनिसच्या स्वेटरच्या बाहीत, मनगटापासून कोपरापर्यंत गरम ओघळ. किती दिवसांचं साठलेलं, आणि खडा एकही नाही. लोण्यासारखं मऊ, मोहरीच्या पिवळ्या रंगाचं. पोरगी ढिली पडली आणि एक मोठा सुस्कारा सोडला.

ग्लेनिसनं तिला टेबलावर टॉवेलवर ठेवलं, बोट बाहीवर फिरवलं आणि नाकाशी नेलं. ठरवून नाही. चाळीस वर्षं हात तिकडंच जात होता.

आंबूस गोड. ताज्या ताकाचा वास येतो तसा.

तिनं पुन्हा वास घेतला. कुजका नव्हता. घशात बसत नव्हता. ह्या वासाचं वासरू तिनं कधी दुधावरून तोडलं नव्हतं. लाल खडू उचललाच नसता. इतके दिवस ह्या पोरीची शी तिनं दोन पावलांवरून नुसती बघितली होती. शेडमध्ये कुणी असं लांबून बघून बोललं असतं तर तिनं त्याची चामडी लोळवली असती.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. हा वास तिला माहीत होता. शेडमधला नव्हे. त्याच्याही आधीचा, ह्याच स्वयंपाकघरातला. ब्रेटचा.

तेव्हा ती जेमतेम विशीची होती. शेणाचा वास अजून शिकायची होती. ऊना, क्लाइव्हची आई, त्या दारात उभी राहिली होती, आत आलीच नव्हती. नाक आक्रसून तिथूनच म्हणाली, नासकंय. मग जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून ग्लेनिसची छाती करकचून बांधली, आत कोबीची पानं घातली. पलीकडच्या खोलीत ब्रेट रडायचा आणि पट्ट्यांतून दूध गळायचं, गादी ओली व्हायची. ऊना म्हणायची, गळू दे, वाईट आहे ते. डबा सुरू झाल्यावर पोराला मेंढीच्या लेंड्यांसारखे खडे होऊ लागले. तो ओरडून निळा व्हायचा, एकदा लंगोटाला रक्त लागलं. ऊना म्हणाली, बघ, आता कशी घट्ट होते. आणि ग्लेनिसनं होकाराची मान हलवली होती.

मान हलवली होती! त्यानंतर ती मान आयुष्यभर हलत राहिली. क्लाइव्हनं दुसरं मूल म्हटलं तेव्हा तिनं नको म्हटलं, कारण तिचं दूध नासकं होतं. शेजारणींना, बहिणीला, आता ह्या पोरीला, ही गोष्ट तिनं शहाणपण म्हणून सांगितली होती. तिला इतका राग आला की तो ठेवायला जागा सापडेना. ऊना तर कधीच मातीखाली गेली होती.

पोरगी मुठी चोखू लागली. तिला भूक लागली होती.

ग्लेनिसनं तिला धुतलं, कोरडं केलं, दुसरा लंगोट बांधला. स्वतःची बाही तशीच राहिली. मग बाटली सिंकमध्ये ओतली, पोरीला आपल्या मोठ्या रेनकोटच्या आत घेतलं, डबा काखेत मारला आणि चिखल तुडवत निघाली. वाटेत वासरांची शेड होती. तिथं ती थोडा वेळ थांबली.

धारेच्या शेडमध्ये मशीनचा ठोका चालला होता. टीगन खड्ड्यात पाठमोरी होती. तिच्या शर्टाचे डाग पोटापर्यंत उतरले होते.

"बाजूला हो," ग्लेनिस म्हणाली.

टीगन वळली. आधी पोरीला बघितलं, मग बाही बघितली. "केली?"

"केली. तुझ्या नर्सनं सांगितली तशीच. आता ती बया शेफारेल." ग्लेनिसनं पोर तिच्या हातात दिलं आणि तिच्या गळ्यातून एप्रन ओढून घेतला. "जा. भुकेली आहे ती."

"बाटली—"

"ओतली."

"मग डबा?"

"वासरांना घातला."

टीगन तिच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. पोरगी आईच्या शर्टावर डोकं आपटू लागली होती. "ग्लेनिस, तुमचा खांदा—"

"खांदा माझा आहे. बघतेस काय? जा म्हटलं ना."

टीगन दुधाच्या टाकीजवळच्या पालथ्या बादलीवर जाऊन बसली आणि पोरीला छातीशी घेतलं. ग्लेनिस खड्ड्यात उतरली. कप उचलून हात वर नेला, तशी डोळ्यांपुढं अंधारी आली. तिनं दात आवळले आणि पहिल्या गाईला कप लावले. मग दुसरीला. खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला ब्रेट हातातलं काम सोडून आईकडं बघत होता.

"ब्रेट," ती म्हणाली. "माझं दूध चांगलं होतं."

मशीनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. "काय?"

"माझं दूध चांगलं होतं!" ती एवढ्यानं ओरडली की वरची गाय पाय झाडू लागली आणि बादलीवरच्या टीगननं मान वर केली. "ऐकलंस का? चांगलं होतं!"

ब्रेटनं टीगनकडं बघितलं, मग आईच्या पिवळ्या झालेल्या बाहीकडं. "बरं," तो म्हणाला.

"बरं म्हणतो गाढव," ग्लेनिस म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिनं स्वच्छ बाहीनं पुसलं आणि पुढच्या गाईसाठी दुखरा हात पुन्हा वर केला.